दुपारी दोनची गोळी

पत्र (थोडक्यात):

ताई, मी परभणी जिल्ह्यातला, वय २६. तीन वर्षं झाली, पुण्यात नवी पेठेत राहून राज्यसेवेची तयारी करतोय. पहिल्या वर्षी चहावर भागायचं. मग कॉफी आली, मग एनर्जी ड्रिंक. अभ्यासिकेतल्या एकानं कॅफिनच्या गोळ्या आणि सोबत थिॲनिनच्या कॅप्सूल सांगितल्या, त्या ऑनलाइन मागवल्या. आई ब्राह्मीची पावडर पाठवते, तीही घेतो. तीन महिन्यांपूर्वी रूममेटनं झोप उडवणारी मोडाफिनिलची २०० ची गोळी दिली. आता सकाळी कॅफिनची एक गोळी, जेवण झालं की दोन वाजता मोडाफिनिल, संध्याकाळी एक कॅन आणि दिवसभरात टपरीवर सहा-सात कटिंग असं चालू आहे. दुपारची झोप गेली. दोनला बसतो तो रात्री दोनपर्यंत उठत नाही. पहिले पंधरा दिवस वाटलं, यंदा पोस्ट निघतेच. पण टेस्ट सिरीजचे मार्क जिथल्या तिथे आहेत, मागच्या दोन टेस्टमध्ये तर कमी झाले. झोप पहाटे चारशिवाय लागत नाही, छातीत धडधडतं, डबा अर्धा परत जातो. गोळी नसेल त्या दिवशी पुस्तक उघडवत नाही. बाबांनी यंदा सोयाबीनच्या पैशातून सहा महिन्यांचं भाडं भरलंय. मी करतोय ती फसवणूक आहे का? गोळ्या बंद करू की कमी करू? बाबांना सांगू का? मला अरेतुरे करा, घरच्यासारखं वाटेल.

– नवी पेठेतला एक

आधी छातीतल्या धडधडीबद्दल बोलू. बाकी सगळं त्यानंतर.

आज दोनची गोळी घेऊ नकोस. उद्याचीही नको. या आठवड्यात एखाद्या एमडी मेडिसिन डॉक्टरांना भेट आणि मला लिहिलंस तसंच सगळं त्यांना सांग, नावांसकट आणि मिलिग्रॅमसकट. नुसतं "ॲसिडिटी वाटतेय" म्हणून परत येऊ नकोस. मोडाफिनिलनं काही जणांची नाडी आणि रक्तदाब वाढतो, कॅफिननंही वाढतो, आणि तू दोन्ही एकाच दिवशी घेतोयस. डॉक्टर रक्तदाब बघतील, ईसीजी काढतील. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ या तपासण्याही करून घे. जेवल्यावर डोळे आपोआप मिटायला लागतात, त्यामागे कधीकधी यांतलंच काही निघतं. मेसच्या पातळ वरणावर तीन वर्षं काढलेल्या मुलात ते निघालं, तर मला नवल वाटणार नाही. तसं असेल तर तुला जागं ठेवणारी गोळी नको, लोहाची किंवा बी-१२ ची हवी.

छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलास, किंवा अंगावर पुरळ, तोंडात फोड आणि ताप असं काही दिसलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस. त्याच तासाला हॉस्पिटल गाठ. मोडाफिनिलनं अगदी क्वचित त्वचेची एक गंभीर प्रतिक्रिया येते, स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात तिला. कातडी भाजल्यासारखी सोलवटते, जिवावर बेतू शकतं. डॉक्टर चिठ्ठी लिहितात तेव्हा हे सांगून ठेवतात. रूममेटच्या स्ट्रिपमधून गोळी मिळते तेव्हा हे सांगणारं कुणी नसतं. तुझ्याबाबतीत मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे.

आता पहाटे चारचं. मोडाफिनिलचं अर्धायुष्य साधारण १२ ते १५ तासांचं आहे, म्हणजे घेतलेल्या औषधातलं निम्मं शरीरातून जायला एवढा वेळ लागतो. दुपारी दोनला २०० मिलिग्रॅम घेतलंस, तर पहाटे तीन-चारला त्यातलं शंभरच्या आसपास अजून शिल्लक असतं. तू गादीवर पडतोस तेव्हा अर्धी गोळी नुकतीच घेतल्यासारखी तुझ्या अंगात असते. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला पुढची गोळी पडते, तेव्हाही आदल्या दिवशीची पूर्ण गेलेली नसते. पाठ टेकून कूस बदलत पडलेला तू स्वतःला "माझी झोपच बिघडलीय" म्हणत असशील. तुझी झोप जागच्या जागी आहे, तिला गोळी येऊ देत नाही.

हे औषध कशासाठी आहे तेही तुला ठाऊक असावं. नार्कोलेप्सी नावाच्या आजारात माणूस बोलता बोलता, जेवता जेवता झोपतो. घोरण्याच्या आजारात रात्रभर श्वास अडकतो आणि दिवसा गाडी चालवताना डोळा लागतो. अशा लोकांना मोडाफिनिलनं दिवस परत मिळतो. मी असे रुग्ण पाहिलेत, म्हणून औषधाला वाईट म्हणणार नाही. ते चिठ्ठीवरच मिळायला हवं, हा नियम त्यांच्यासाठीही आहे आणि तुझ्यासाठीही.

माझाही या गोळीशी संबंध आलेला आहे. रेसिडेन्सीत असताना, वीसेक वर्षांपूर्वी, मुंबईतल्या एका सरकारी हॉस्पिटलात आमच्या सलग छत्तीस तासांच्या ड्युट्या असायच्या. ड्युटी रूममध्ये एक स्ट्रिप फिरायची. मी १०० मिलिग्रॅमवर दीडेक महिना काढला. पहिल्या दिवशीचं अजून लख्ख आठवतं: वॉर्डातल्या ट्यूबलाइट जास्त पांढऱ्या दिसत होत्या, थकवा कुणी हातानं बाजूला केल्यासारखा गेला होता. संध्याकाळपर्यंत कानशिलं ठणकायला लागली. तोंड कोरडं, भूक नाही, आणि घरून फोन आला तर मी आईवर खेकसले. तरी दुसऱ्या ड्युटीला परत घेतली, कारण काम होत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

मग एका रात्री मी दोन शेजारच्या खाटांवरच्या पेशंटांचे रक्ताचे रिपोर्ट उलटेसुलटे वाचले. तेवढी चूक झोप न झालेला कुणीही करतो. पण सिस्टरनी विचारलं, "डॉक्टर, खाट नंबर बघता का परत?" आणि मी म्हणाले, "बघितलाय." मी बघितला नव्हता. बघितलाय अशी माझी पक्की खात्री होती. सिस्टर वयानं मोठ्या होत्या, माझ्या हातातून कागद घेऊन त्यांनी स्वतः नंबर ताडून पाहिला आणि पेशंट वाचला. गोळ्यांशिवाय थकलेली असते तर मला निदान शंका आली असती. त्या रात्री शंका येणंच बंद झालं होतं. मी त्यानंतर ती स्ट्रिप हातात घेतली नाही.

खूप नंतर वाचलं की हे माझ्या एकटीचं नव्हतं. कॅनडात सैन्यातल्या लोकांना ६४ तास जागं ठेवून त्यांच्याकडून सलग बौद्धिक काम करून घेतलं होतं. त्याचे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. मोडाफिनिल घेतलेल्यांना आपली उत्तरं आहेत त्यापेक्षा जास्त बरोबर वाटत होती. २०२३ मध्ये मेलबर्न आणि केंब्रिजच्या संशोधकांनी ४० निरोगी तरुणांना एक कोडं दिलं: ठरावीक वजनाच्या पिशवीत कोणत्या वस्तू भरल्या तर त्यांची किंमत जास्तीत जास्त होईल? मोडाफिनिल आणि त्या जातीची आणखी दोन औषधं घेऊन तीच मुलं बसली तेव्हा त्यांनी वेळ जास्त दिला, चाली जास्त केल्या, आणि उत्तरांचा दर्जा घसरला. हे कोडं तुझ्या परीक्षेपासून लांबचं नाही. दोन तासांत शंभर प्रश्न, कोणता सोडवायचा, कोणता सोडायचा, कुठे थांबायचं. तिथे मेहनतीपेक्षा निवड मार्क देते.

म्हणून एक काम कर. मागच्या दोन टेस्टची आणि गोळी सुरू करण्याआधीच्या दोन टेस्टची उत्तरपत्रिका समोर ठेव. प्रत्येकीत किती प्रश्न सोडवलेस आणि त्यांतले किती चुकले, एवढंच मोज. माझा अंदाज आहे की सोडवलेले वाढलेत, आणि निगेटिव्हमध्ये गेलेलेही. माझा अंदाज चुकला तर मला कळव, मी मान्य करीन. मार्क जिथल्या तिथे असल्याचं तू दोन ओळींत लिहून पुढे गेलास, पण तुझ्या अख्ख्या पत्रात माझी नजर तिथेच अडकली. रोज बारा तास बसूनही मार्क हलत नाहीत, तर ते बारा तास कुठे जातात?

काही तास हायलाइटरमध्ये जात असतील. गोळीवर माणसाला एकसुरी कामात गोडी लागते, हे मी माझ्यावर पाहिलंय: केसपेपर सुंदर अक्षरात परत लिहून काढायची मी. तुझ्या नोट्स तीन रंगांत असतील आणि पॉलिटीचं तेच प्रकरण चौथ्यांदा वाचून झालं असेल. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून पुस्तक मिटलं आणि आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तर लिहून काढणारे बरेच पुढे होते. आणि आपल्याला लक्षात राहील ही खात्री मात्र पुन्हा वाचणाऱ्यांनाच जास्त होती. गोळीची खात्री आणि वाचनाची खात्री, दोन्ही एकावर एक चढल्या की टेस्टच्या दिवशी काय होतं ते तुला आता माहीत आहे.

दिवसभर वाचलेलं मेंदूत पक्कं बसतं ते बरंचसं झोपेत. शाळेत पाठांतर करून झोपलं की सकाळी म्हणता यायचं, आजीला हे ठाऊक होतं, आणि प्रयोगशाळेत १९२४ पासून ते दिसत आलंय. तू ज्या तासांतून अभ्यासाला वेळ काढतोयस, तेच तास अभ्यास साठवायचे आहेत. राज्यशास्त्राचं पान तू रात्री एकला वाचतोस आणि ते बसायच्या वेळेला छताकडे बघत असतोस.

कॅफिनबद्दल मी इतकी कडक नाही. चहा-कॉफीवर माझं स्वतःचं आयुष्य चाललंय. दिवसभर जागं राहिल्यानं मेंदूत ॲडेनोसिन साठतं आणि ते झोप आणतं, कॅफिन त्याची जागा अडवून बसतं, एवढंच त्याचं काम. ॲडेनोसिन साठत राहतंच, म्हणून कॅफिन उतरलं की झोप एकदम अंगावर येते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ मध्ये निरोगी मोठ्या माणसासाठी दिवसाला ४०० आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंतची मर्यादा ठीक मानली. आता तुझं बघू. बाजारातली कॅफिनची गोळी बहुतेक वेळा २०० ची असते. आपल्याकडच्या नियमानुसार एनर्जी ड्रिंकमध्ये लिटरला जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम, म्हणजे २५० मिलीच्या कॅनमध्ये ७५ पर्यंत. एका कटिंगचे वीसेक धरले तर सहा-सात कटिंगचे १३०. एकूण ४०० च्या काठावर, आणि तेही मोडाफिनिल सोडून. शिवाय यातला काही भाग संध्याकाळी जातोय. झोपेच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन घेतलं तरी झोप तासाभराहून जास्त घटते, असं २०१३ मध्ये दिसलंय.

कॅफिन मात्र एकदम तोडू नकोस. तोडलंस तर दुसऱ्या दिवशी डोकं असं दुखेल की तू पुन्हा गोळीकडे जाशील. पहिल्या आठवड्यात कॅफिनची गोळी जाऊ दे आणि तिच्या जागी सकाळी एक कप कडक कॉफी घे. दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळचा कॅन बंद. कटिंग चालू दे, पण दुपारी दोननंतरची नको. तुझ्या घड्याळात दोन वाजले की काहीतरी घ्यायची सवय लागलीच आहे, तर त्या वेळी शेवटचा चहा घे आणि लगेच अभ्यासिकेच्या टेबलावर डोकं ठेवून वीस मिनिटांचा गजर लाव. कॅफिन चढायला तेवढाच वेळ लागतो. झोपून उठतोस तोवर ते कामाला लागलेलं असतं. रात्रपाळीच्या काळात मला यानं खरोखर आधार दिला. लाजू नकोस, अभ्यासिकेत दुपारी डोकं टेकणारा तू पहिला नसशील.

थिॲनिन चहाच्या पानातच असतं. कॅफिनसोबत घेतल्यावर लक्ष थोडं स्थिर राहतं असं छोट्या प्रयोगांत दिसलंय. त्यानं तुझं नुकसान होत नसेल, पण महिन्याला त्या कॅप्सूलवर जाणाऱ्या पैशांत रोजची दोन अंडी किंवा एक वाटी दही येईल. मी अंडी घेईन.

आईच्या ब्राह्मीचं थोडं सविस्तर सांगते, कारण त्यात आईचा जीव आहे. ब्राह्मी नावानं आपल्याकडे दोन वेगळ्या वनस्पती चालतात. एक पाणथळ जागी वाढणारी, बारीक मांसल पानांची, शास्त्रीय नाव बकोपा. दुसरी गोल पानांची मंडूकपर्णी. आपल्याकडे कितीतरी घरांत त्या दुसरीलाच ब्राह्मी म्हणतात. चरकानं सांगितलेल्या चार मेध्य, म्हणजे बुद्धीला पोषक, रसायनांत मंडूकपर्णी, यष्टीमधु, गुळवेल आणि शंखपुष्पी आहेत, आजचे बहुतेक प्रयोग मात्र बकोपावर झालेत. त्यांत आठवण्याच्या क्षमतेत थोडासा फरक दिसला, तोही रोज घेऊन बाराएक आठवड्यांनी. काहींचं पोट बिघडतं. तेव्हा आईनं पाठवलेली पावडर कोणत्या पानाची आहे ते तिला विचार, डॉक्टरांना दाखव, आणि पोटाला सोसत असेल तर घे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तिच्याकडून चमत्कार मागू नकोस. कुणी अश्वगंधा सुचवली तर मात्र विचारल्याशिवाय सुरू करू नकोस. तिनं काहींच्या यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, आणि डेन्मार्कनं २०२३ मध्ये तिच्यावर बंदीही घातली.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पण तुझ्या गल्लीत ती फिरते म्हणून सांगते. मेथिलफेनिडेट नावाची गोळी कुणी "याहून भारी" म्हणून दिली तर हात लावू नकोस. एडीएचडी असलेल्यांसाठी ते चांगलं औषध आहे, पण ते अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली येतं, आणि तुला जी नोकरी हवी आहे तिच्याआधी चारित्र्य पडताळणी होते. लहानपणापासूनच एका जागी मन लागत नसेल, शाळेतही शिक्षक तसंच म्हणत असतील, तर मानसोपचार तज्ज्ञांकडे जाऊन रीतसर तपासून घे. तिथून चिठ्ठीवर मिळालं तर ते तुझं औषध.

आणि हे सदर वाचणाऱ्या मुलींसाठी: मोडाफिनिलनं गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, ते बंद केल्यानंतरही महिनाभर. पीसीओडी किंवा पाळीच्या त्रासासाठी त्याच गोळ्या चालू असतील तरी डॉक्टरांना सांगा.

ही फसवणूक आहे का, असं विचारलंस. मला नाही वाटत. आयोग तुझं रक्त तपासत नाही, आणि या गोळीनं तुला कुणाच्या पुढे नेलेलंही नाही. चिठ्ठीशिवाय विकणाऱ्यानं नियम मोडला, तू स्वतःच्या तब्येतीशी खेळलास. तुझ्या मनाला जे खातंय ते वेगळं असावं. सोयाबीनच्या पैशांवर आपण इथे बसलोय तर एक तासही वाया जाता कामा नये, असं तुला वाटतं, आणि झोप तुला वाया गेलेला वेळ वाटते. तीन वर्षं हे ओझं घेऊन बसलेला मुलगा गोळीकडे वळतो, यात मला तुझा दोष फारसा दिसत नाही.

म्हणूनच गावी जा. डॉक्टरांना दाखवलंस आणि त्यांनी हरकत घेतली नाही की आठ दिवस जा. मोडाफिनिल सोडल्यावर पहिले काही दिवस खूप झोप येईल, अंग जड होईल, मन लागणार नाही. नवी पेठेतल्या कॉटवर हे आठ दिवस काढलेस तर शेजारचा बारा तास बसलेला बघून तिसऱ्या दिवशी तू परत घेशील. घरी आईला वाटेल पोरगं दमलंय, आणि ते खरंच आहे. दहाला झोप, उठशील तेव्हा ऊठ. रोज फक्त एक तास, पुस्तक मिटून, आठवेल ते वहीत लिही.

बाबांना सांग. फोनवर नको, शेतात किंवा ओट्यावर बसल्यावर सांग. "बाबा, जागायच्या गोळ्या खात होतो. डॉक्टरांना दाखवलं, आता बंद केल्यात." एवढं पुरे. ते रागावतील, गप्प बसतील, कदाचित गोळीला किती पैसे लागत होते तेवढंच विचारतील. पण पुढच्या वेळी तू दोन दिवस फोन उचलला नाहीस तर त्यांना काय विचारायचं ते ठाऊक असेल.

दोन आठवडे नीट झोपूनही पुस्तक उघडवलं नाही, सकाळी उठावंसं वाटलं नाही, किंवा जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं झालं, तर ते गोळी सोडल्यामुळे असेल असं धरून बसू नकोस. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. तिथे बोल, आणि मानसोपचार तज्ज्ञांना भेट.

उरलेली स्ट्रिप रूममेटला परत देऊ नकोस, डॉक्टरांकडे घेऊन जा. आणि रूममेटला हे पत्र वाचायला दे. त्यानं ती कुठून आणली हे मला कळायला नको. तो किती महिने घेतोय, रात्री किती तास झोपतो, आणि अंगावर कुठे पुरळ तर उठलेलं नाही ना, एवढं त्याला आज संध्याकाळी विचार.